वाटेवरची ओसरी

गेल्या वैशाखांतली गोष्ट. आमच्या वहिनी सकाळीं साडेसातच्या सुमारास देवळांत जाण्यास निघाल्या. त्यांचें वय ब्यायशी. गुडघे कुरकुरतात, म्हणून चार पायांचा, हलक्या धातूचा जो आधार बाजारांत मिळतो आणि ज्याला सारे वॉकर म्हणतात, तो पुढें टेकीत टेकीत त्या चालतात. घरापासून देऊळ चारशें पावलें. या चारशें पावलांत कोठें तरी क्षणभर टेकावयास मिळावें, ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा. त्या इच्छेला मान देऊनच, निदान आम्ही तसें सर्वांस सांगत होतों, आमच्या गल्लीच्या मंडळानें फाल्गुनांत वर्गणी जमवून फुटपाथावर चार बांकडीं व सोळा कुंड्या मांडल्या होत्या.

त्या दिवशीं वहिनी पहिल्या बांकड्यापर्यंत पोंचल्याच नाहींत. तिसऱ्या कुंडीसमोर विजेची लोखंडी पेटी उभी आहे. त्या दोहोंच्या मध्यें त्यांचा वॉकर अडकला. तेव्हां त्या फुटपाथ उतरून रस्त्यानें जाऊं लागल्या आणि मागून आलेल्या एका मोटारसायकलचा आरसा त्यांच्या कोपरास लागला. दैव बलवत्तर, म्हणून मनगट मुरगळण्यावरच निभावलें. घरीं आल्यावर हाताला हळदीचा लेप लावून घेतां घेतां त्या एवढेंच म्हणाल्या, "भाऊजी, बांकडं चांगलं आहे हो, पण तिथवर जायचं कसं?"

हा प्रश्न ऐकून मला जी लाज वाटली, तिच्यापायींच हा लेखप्रपंच. त्या मंडळाचा खजिनदार मीच. मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि चौतीस वर्षें याच लोअर परळांत मुलांकडून शब्दरूपावली घोकून घेतली. हिशेब चोख ठेवण्याची संवय म्हणून निवृत्तीनंतर मंडळानें पेटीची किल्ली माझ्या हातीं दिली. सोळाहि कुंड्यांच्या पावत्यांवर माझी सही आहे. कुंडीची किंमत मीं घासाघीस करून कमी करविली; परंतु कुंडीची रुंदी किती आणि फुटपाथाची रुंदी किती, हें मोजावयाचें मला सुचलें नाहीं.

अशीं मंडळें आतां मुंबईच्या बहुतेक भागांत आहेत. घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनीं १९९६-९७ च्या सुमारास ओला व सुका कचरा वेगळा करण्याचें काम हातीं घेतलें; महानगरपालिकेनें त्याच धर्तीवर नागरिकांच्या गटांना उत्तेजन दिलें, आणि कचऱ्यापासून सुरू झालेलें हें कार्य हळूहळू दिवे, झाडें, कुंड्या, बांकडीं येथवर पोंचलें. या मासिकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरांतील कोणी ना कोणी अशा एखाद्या मंडळांत असेल. त्यांच्या उपयोगी पडेल तें सांगावें आणि आमच्याकडून चुकलें तें लपवूं नये, असें ठरवून लिहितों.

प्रथम आमच्या भागाविषयीं. आज लोअर परळ म्हटलें म्हणजे तरुणांच्या डोळ्यांपुढें काचेचे मनोरे व उपाहारगृहें उभीं राहतात. परंतु येथील फुटपाथाची खरी ओळख निराळी आहे. ना. म. जोशी मार्ग, ज्यास जुनीं माणसें अद्यापि डिलाईल रोडच म्हणतात, तेथें बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें १९२० नंतरच्या दशकांत ३२ चाळी बांधल्या. एकेका चाळींत ८० खोल्या आणि एकेक खोली १६० चौरस फुटांची. एवढ्याशा जागेंत आठ-दहा माणसें; त्यांतून कोणी दिवसपाळीचा, कोणी रात्रपाळीचा. एक उठला म्हणजे दुसऱ्यानें त्याच अंथरुणावर पडावें, असा क्रम. मग जो उठला त्यानें बसावें कोठें? तो खालीं येई. फुटपाथ हीच त्या खोलीची ओसरी होती. तेथेंच गांवचें पत्र वाचलें जाई, तेथेंच भजनी मंडळाची वर्गणी ठरे, तेथेंच लांकडी फळीच्या बांकड्यावर बसून एका वर्तमानपत्राचीं चार पानें चौघे वांटून वाचीत. भिंतीवर फळा, फळ्याखालीं बांकडें आणि बांकड्यावर दोन-तीन वर्तमानपत्रें, असें रस्त्यावरचें वाचनालय लालबाग-परळांत कित्येक ठिकाणीं चाले. मी शाळेंत लागलों तेव्हां माझ्या वर्गांतील निम्मीं मुलें अभ्यासाला चाळीच्या जिन्यांत किंवा रस्त्याच्या दिव्याखालीं बसत असत.

ज्यांच्या नांवानें हा मार्ग आहे, त्या नारायण मल्हार जोशी यांनीं १९११ सालीं मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगांवांतल्या श्रमिकांसाठीं रात्रीच्या शाळा व वाचनालयें चालविलीं. तेव्हां शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं एकत्र येऊन सार्वजनिक सोय करणें, ही गोष्ट या वस्तीला नवी नाहीं. नवें झालें तें दुसरेंच. १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या संपांत सुमारें अडीच लाख गिरणीकामगार उतरले. त्यानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले आणि गिरण्यांच्या जमिनींवर कचेऱ्या व बाजारगृहें उठलीं. कामगार पाळीनें येत. कचेरीचा माणूस एकाच घटकेस येतो आणि एकाच घटकेस परततो. स्टेशनापासून कचेऱ्यांपर्यंतचा फुटपाथ त्या वेळीं पुराच्या नदीसारखा वाहतो. चालण्याच्या वाटेची रुंदी म्हणजे जिवाशीं गांठ, हें येथून हांकेच्या अंतरावर असलेल्या, तेव्हांच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या अरुंद पुलानें २९ सप्टेंबर २०१७ रोजीं, खंडेनवमीच्या सकाळीं दाखवून दिलें. त्या चेंगराचेंगरींत २३ माणसें गेलीं. पूल वेगळा आणि फुटपाथ वेगळा, हें खरें. तथापि माणसाचा खांदा दोन्हीकडे तेवढाच रुंद असतो.

दुसऱ्या बाजूनें पाहिलें तर बांकड्याची गरज आज पूर्वींपेक्षां अधिकच आहे. चाळींच्या जागीं उंच इमारती येत आहेत. वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांस ऑगस्ट २०२५ मध्यें नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आमच्याकडील चाळींचीहि तीच वाट आहे. स्वतंत्र संडास, मोठी खोली, उद्वाहन, हें सारें आलें तें उत्तमच झालें. कोणीहि त्याला नांवें ठेवूं नयेत. परंतु ज्या म्हाताऱ्यानें सत्तर वर्षें गॅलरींत उभें राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हांक मारली, तो विसाव्या मजल्यावर कोणाला हांक मारणार? त्याला खालीं येऊन बसावयास जागा पाहिजे, आणि ती चहाचे पैसे न मोजतां मिळाली पाहिजे.

तेव्हां मंडळानें बांकडीं मांडलीं यांत हेतूची चूक नव्हती. मग चूक कोठें झाली? वहिनींचा हात बरा होईपर्यंत मीं तेंच शोधीत होतों. त्यांची नात दहावींत आहे. तिला टेपाचें एक टोंक धरावयास लावून आम्ही सगळा फुटपाथ मोजून काढला. फुटपाथ आठ फूट रुंद. कुंडी दोन फुटांची. कडेला दिव्यांचे खांब असल्यामुळें कुंड्या मांडणाऱ्यानें त्या खांबांच्या आंतल्या अंगानें एका ओळींत लावल्या, दिसावयास सुरेख. त्यामुळें कडेचा दीड फूट फुकट गेला. उरले साडेचार फूट. जेथें विजेची पेटी होती, तेथें उरले बावीस इंच. वहिनींचा वॉकर चोवीस इंचांचा. चाकाच्या खुर्चीला तर सत्तावीस-अठ्ठावीस इंच लागतात. नात म्हणाली, "आजोबा, कुंडीला जागा आहे, पेटीला आहे, फक्त आजीला नाही."

हें माप ठरविणारे ग्रंथ आहेत, हें मला नंतर कळलें. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचाऱ्यांच्या सोयीसंबंधीं एक नियमावली आहे; तिचा क्रमांक १०३. तिच्यांत फुटपाथाचे तीन पट्टे कल्पिलेले आहेत. एक भिंतीलगतचा, दुकानाशीं उभें राहणाऱ्यांचा. दुसरा मधला, निव्वळ चालणाऱ्यांचा. आणि तिसरा रस्त्याच्या कडेचा, ज्यांत झाडें, दिवे, पेट्या, कुंड्या, बांकडीं या सर्वांनीं दाटीवाटीनें कां होईना, पण राहावयाचें. मधला पट्टा निदान १.८ मीटर, म्हणजे सहा फुटांहून किंचित् कमी, पूर्ण मोकळा पाहिजे. बाजाराच्या भागांत अडीच मीटर. हा हिशेब आमच्या आठ फुटांस लावला तर कडेला जेमतेम दोन फूट उरतात. म्हणजे कुंड्या ठेवतां येतील, पण थेट कडेस, खांबांच्याच रांगेंत. आणि जेथें पेटी आहे तेथें कुंडी नाहीं म्हणजे नाहींच. ज्या फुटपाथाची एकूण रुंदीच सहा फूट आहे, तेथें मंडळानें कुंडीचा विचारहि मनांत आणूं नये.

कायद्याची बाजूहि आम्हांस ठाऊक नव्हती. खरें सांगावयाचें तर ठाऊक करून घ्यावीशी वाटली नाहीं. चांगल्या कामाला परवानगी कसली, अशी आपली समजूत असते. मुंबई महानगरपालिकेचा मूळ कायदा १८८८ सालचा. त्याच्या ३१२ व्या कलमाप्रमाणें आयुक्तांच्या परवानगीवांचून रस्त्यावर अडथळा होईल असें कोणतेंहि बांधकाम वा वस्तु उभी करतां येत नाहीं, आणि ३१४ व्या कलमाप्रमाणें अशी वस्तु नोटीस न देतां उचलून नेण्याचा अधिकार पालिकेस आहे. फुटपाथ हा रस्त्याचाच भाग. त्यामुळें आमचीं बांकडीं आणि एखाद्या दुकानदारानें पुढें सरकविलेली फळी, यांत कायद्याच्या दृष्टीनें कांहींच भेद नव्हता. मे २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें निर्वेध फुटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमांतील जीविताच्या हक्काचाच एक भाग मानिला. त्याआधीं २०२३ सालीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें फुटपाथांच्या तोंडाशीं रोंवलेल्या खुंट्यांची स्वतःहून दखल घेतली होती. मोटारसायकली वर चढूं नयेत म्हणून त्या बसविल्या, पण चाकाच्या खुर्चीवरील माणसाची वाटच त्यांनीं बंद झाली. हेतु चांगला आणि माप चुकलेलें, तीच आमची कथा.

आमच्या पूर्वजांना या गोष्टी कळत नव्हत्या असें नाहीं. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत वाट अडविणाऱ्यास दंड सांगितले आहेत. माणसांची व लहान जनावरांची वाट अडविल्यास बारा पण, मोठ्या जनावरांची अडविल्यास चोवीस. रस्त्यांत चिखलपाणी सांचवून वाट रोधणाऱ्यास निराळा दंड, आणि राजमार्गावर तोच दुप्पट. आमच्या कुंड्यांच्या बुडांतून लाल पाणी पाझरून फरशीवर जें शेवाळ धरलें होतें, तें पाहून मला हें वचन आठवलें आणि खजिनदार या नात्यानें पोटांत गोळा आला. स्मृतिकारांनीं तर वाट कोणास द्यावी याची यादीच केली आहे: चाकाच्या वाहनांत बसलेला, नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री. मीं हा श्लोक वर्गांत अनेकदां शिकविला आणि 'चक्री' म्हणजे रथवाला, असा अर्थ सांगत आलों. परळच्या रुग्णालयांकडे चाकाच्या खुर्चींतून जाणारे रोगी रोज पाहणाऱ्या माणसास त्या शब्दाचा दुसरा अर्थ सुचावयास हवा होता.

आणि वाटसरूंची सोय करणें हें तर पूर्तकर्म. विहीर, तळें, बाग, अन्नछत्र यांच्या पंक्तींतलें. नाशिकजवळच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यांत, क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील लेख आहे. सोपारें, भडोच, गोवर्धन, दशपूर येथें त्यानें धर्मशाळा बांधल्या. बागा, तळीं, विहिरी केल्या. नद्यांवर उतारूंसाठीं फुकट नावा ठेविल्या आणि नदीच्या दोन्ही तीरांवर बसावयास मंडप व पाणपोया घातल्या. दोन्ही तीरांवर, हें लक्षांत घ्यावें. उतरून आलेला दमतो तसा नावेची वाट पाहणाराहि दमतो. मुंबईंतहि ही परंपरा होती. भात बाजारांतील केशवजी नाईक यांचें १८७६ सालचें कारंजें त्याची साक्ष देत उभें आहे. आमदार-नगरसेवकांचीं नांवें पाठीवर मिरविणारीं हल्लींचीं बांकडीं त्याच कुळांतलीं म्हणावयाचीं कीं नाहींत, याचा निर्णय वाचकांवर सोंपवितों. कैलासवासी वडिलांच्या स्मरणार्थ ठेवलेलें बांकडें मात्र मला आवडतें; त्यावर टेकणारा निदान त्या अनोळखी माणसाचें नांव वाचून उठतो.

आतां जी गोष्ट सांगावयास जड जाते तिच्याकडे वळतों.

टेपानें घेतलेलीं मापें वहीवर उतरवून मीं मंडळाच्या सभेंत मांडलीं आणि पांच ते आठ या चार कुंड्या तेथून साफ काढाव्यात, असें सुचविलें. आमचे चिटणीस तरुण आहेत, इंजिनियर आहेत, कामाला वाघ आहेत. ते म्हणाले, "मास्तर, बाकीच्या हलवूं, पण त्या चार राहूं द्या. नाहीं तर ती परत येऊन बसेल." सभेंतील दहा-बारा माना हलल्या. मला क्षणभर कळेना कीं ती कोण. मग कळलें, आणि हेंहि कळलें कीं ही गोष्ट माझ्याखेरीज सर्वांना फाल्गुनापासून ठाऊक होती.

त्या चार कुंड्यांच्या जागीं एक भाजीवाली बसत असे. आमची नात जन्मायच्या आधींपासून बसत असे. मेथी, कोथिंबीर, अळू, उपासाच्या दिवशीं रताळीं. एक टोपली, एक गोणपाट, बस्स. आमच्या घरांत अकरा माणसें जेवतात. निम्मी भाजी तिच्याकडून येई. तिच्या टोपलीनें दोन फूट जागा घेतली असेल, आणि ती भिंतीकडेला. कुंड्या आल्या त्या दिवशीं ती नव्हती. दुसऱ्या दिवशीं आली, कुंड्यांकडे पाहून रस्त्यापलीकडे उभ्या मोटारींच्या मागें जाऊन बसली. मला हें दिसत होतें. मला वाटलें, तिकडे सांवली असेल.

फेरीवाल्यांचा प्रश्न सोपा आहे असें मी म्हणत नाहीं. आमच्याच स्टेशनाबाहेर चालावयास वाट राहत नाहीं, त्याचा त्रास मलाहि होतो. परंतु तो प्रश्न कोणी सोडवावा? २०१४ च्या पथविक्रेत्यांच्या कायद्याप्रमाणें विक्रेत्यांची पाहणी पुरी होऊन प्रमाणपत्रें दिलीं जाईपर्यंत कोणासहि उठवूं नये असें आहे; उठवावयाचें तर त्याची रीत आहे, समिति आहे. त्यापूर्वीं १९८५ सालीं फुटपाथावर राहणाऱ्या लोकांच्या गाजलेल्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें एकाच निकालांत दोन गोष्टी सांगितल्या: उपजीविका हा जीविताच्या हक्कांत येतो, आणि फुटपाथ हा चालणाऱ्यांसाठीं आहे. या दोहोंचा मेळ घालणें न्यायाधीशांना अवघड गेलें. वर्गणी काढून आणलेल्या सिमेंटच्या चार कुंड्यांनीं तो परस्पर घालणारे आम्ही कोण?

झाडाच्या आडून माणूस हुसकावण्याची ही युक्ति आमच्याच गल्लीची नव्हे. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को शहरांतल्या एका गल्लींत २०१९ सालीं रहिवाशांनीं पैसे जमवून दोन डझन मोठाले धोंडे फुटपाथावर आणून टाकले, कां तर तेथें बेघर व नशाबाज लोक जमूं नयेत. विरोधकांनीं ते धोंडे रस्त्यावर ढकलले, नगरपालिकेनें ते पुन्हां वर ठेविले, असें बरेच दिवस चाललें. अखेर नगरपालिकेनेंच ते उचलून नेले. त्याच शहरांत २००५ सालीं कांहीं कलावंतांनीं मोटार उभी करावयाच्या जागेचें दोन तासांचें भाडें यंत्रांत भरलें आणि तेवढ्या जागेंत हिरवळ, एक झाड व एक बांकडें मांडलें. लोक येऊन बसले. वेळ संपतांच सगळें गुंडाळून नेलें. शहर एक, सामानहि जवळजवळ तेंच.

घरच्या घरीं पाहावयाचें तर माटुंग्याचें उदाहरण आहे. डॉ. आंबेडकर मार्गावरील उड्डाणपुलाखालीं मोटारी व नको ते उद्योग सुरू होतील या भयानें तेथील रहिवाशांनीं स्वखर्चानें रखवालदार ठेवले, वर्षानुवर्षें पाठपुरावा केला, आणि २०१६ सालीं पालिकेनें तेथें नानालाल डी. मेहता उद्यान खुलें केलें. नर्मदेच्या प्रवाहाच्या वळणांवर बेतलेली सुमारें ६०० मीटरांची चालण्याची वाट, तिच्या कडेनें बसावयाच्या जागा. येथें नागरिकांनीं मागितलें, पालिकेनें बांधलें, आणि जागा अशी कीं कोणाची वाट अडली नाहीं. आमच्या सेनापति बापट मार्गाच्या पुलाखालींहि २०२२ सालीं असाच एक तुकडा सजला. तो कचेऱ्यांच्या मालक-कंपनीनें करविला, आराखडा मुंबईच्या व हॉलंडच्या स्थापत्यकारांनीं मिळून केला. बसावयास, व्यायामास, वाचावयास निरनिराळे कोपरे ठेविले. धनिकांनीं केलें म्हणून त्यास नाक मुरडण्याचें कारण नाहीं. पुलाखालची पडीक जागा शोधली हेंच मुळीं शहाणपण.

मंडळींना कांहीं व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. बांकड्याला पाठ व दोन्ही बाजूंस हात पाहिजेतच. म्हातारें माणूस बसतें गुडघ्यांनीं, पण उठतें हातांच्या जोरावर. उंची दीड फुटाच्या आसपास. खोल, ऐसपैस बांकडें तरुणांसाठीं. निव्वळ लोखंडाचें घेऊं नये. वैशाखांत त्यावर पोळी भाजेल. कुंडीच्या बुडाशीं भोंक असावें आणि खालीं ताटली मुळींच नसावी. सांचलेल्या स्वच्छ पाण्यांत आठ-दहा दिवसांत डेंग्यूचा डास तयार होतो. आणि पाणी कोण घालणार, हें कुंडी विकत घेण्यापूर्वीं वहींत नांवानिशीं लिहून घ्यावें. सोळा कुंड्या म्हणजे उन्हाळ्यांत रोज सोळा बादल्या. उद्घाटनाच्या दिवशीं झारी धरून छायाचित्र काढून घेणारे आम्ही नऊजण होतों. चैत्र सरतां सरतां मोगरा वाळला, तगर वाळली. सदाफुली तेवढी राहिली, कारण तिला कोणाची पर्वा नसते. एकदां त्या कुंड्यांपाशीं मी उभा असतां पलीकडून भाजीवाली मावशी ओरडून म्हणाली, "मास्तर, बसवली खरी, पर पानी कोन घालनार?" मीं हंसून पुढें गेलों. तिच्या भाजीवर शिंपडावयाच्या डब्यांतलें उरलेलें पाणी ती पूर्वीं तेथल्या वडाच्या रोपाला घालीत असे, हें मला माहीत होतें.

सभा दोन तास चालली. मीं राजीनामा देतों म्हणालों, तो कोणीं मनावर घेतला नाहीं. शेवटीं मतें घेतलीं. सात विरुद्ध पांच अशा मतांनीं त्या चारहि कुंड्या निघाल्या. त्या जवळच्या एका शाळेच्या अंगणांत गेल्या. तेथें मुलें त्यांना रोज पाणी घालतात, जास्तच घालतात. नऊ कुंड्या खांबांच्या रांगेंत सरकविल्या. तीन हलवितांना फुटल्या. दोन बांकडीं कडेला, पिंपळाच्या सांवलींत गेलीं. एक औषधांच्या दुकानासमोर आहे. चौथें जेथें होतें तेथें त्याला जागाच नव्हती, तें सध्यां चिटणीसांच्या इमारतीच्या जिन्याखालीं आहे. पालिकेकडे परवानगीचा अर्ज केला आहे, नकाशासह. नकाशा चिटणीसांनींच काढला आणि फार सुबक काढला. आमचें बोलणें आहे, पण पूर्वींसारखें नाहीं.

भाजीवाली आठ-दहा दिवस पलीकडेच बसून राहिली. बोलावयास मीं गेलों नाहीं, आमची धाकटी सून गेली. आतां ती भिंतीकडेला बसते. टोपली आंत घेऊन, पाय दुमडून. श्रावणांतल्या पहिल्या सोमवारीं वहिनी वॉकर टेकीत पिंपळाखालच्या बांकड्यापर्यंत गेल्या आणि पाव तास बसून आल्या. येतांना अळवाची जुडी आणली. महाग आणली, असें घरांत सर्वांचें मत पडलें.

एक वाद शिल्लक आहे. औषधांच्या दुकानासमोरच्या बांकड्यावर दुपारीं एक रखवालदार आडवा होतो. रात्रपाळी करून आलेला असतो. कांहीं सभासदांचें म्हणणें, बांकड्याच्या मध्यें दोन लोखंडी दांड्या बसवाव्यात, म्हणजे झोंपतां येणार नाहीं. कांहींचें म्हणणें, त्याच दांड्या धरून म्हाताऱ्यांना उठतांहि येईल. दोन्ही खरें आहे, म्हणून मला अद्यापि मत बनवितां आलेलें नाहीं. येत्या रविवारच्या सभेंत हा विषय चौथा आहे. वहिनींना त्या सभेस यावयाचें आहे. त्यांना बोलावयाचें आहे, काय तें त्या मला सांगत नाहींत. सभेची खोली पहिल्या मजल्यावर असून तिला बावीस पायऱ्या आहेत. सभा खालीं, पिंपळाच्या बांकड्यांपाशीं घ्यावी, असें मीं चिटणीसांस लिहून कळविलें आहे. उत्तर अजून आलेलें नाहीं.